गल्ल्यातली अनामत

सूनबाईने लग्नाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान काढायचं मनात घेतलं, तेव्हा मला निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते. माझी सगळी नोकरी इथल्याच, जबलपूरच्या, एका केंद्र सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात झाली. त्यामुळे घरात पैशांचा प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.

सून कटनीकडची, हिंदी घरातली. मराठी तिला सगळी समजते, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरते. लग्नाआधी ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काम करत होती. तिथे मुली आईबरोबर यायच्या, लेहंगा अंगाला लावून आरशात बघायच्या, किंमत विचारायच्या आणि घडी घालून परत ठेवायच्या. एका दिवसासाठी एवढा पैसा घालवायला कुणाचाच जीव होत नसे. तेच तिने डोक्यात ठेवलं होतं.

मुलगा फिरतीच्या नोकरीवर असतो. त्याने तिला होकार दिला आणि वर म्हणाला, आई आहे ना हिशेबाला. मला काही ते फार रुचलं नाही. सरकारी हिशेब निराळा. आमच्याकडे मार्च जवळ आला की उरलेला पैसा संपवायची धांदल उडायची, कारण शिल्लक राहिली तर ती परत जायची. दुकान चालवणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सल्ला देणार? तरी दोन गोष्टी मी सांगितल्या. दुकानाचं खातं घरापासून वेगळं ठेव आणि दर महिन्याला स्वतःला पगार घे.

पगाराचं ऐकून ती हसली.

"मम्मीजी, दुकान आपलंच आहे. अपने आप को तनख्वाह कौन देता है?"

मी म्हटलं, "नाहीतर दुकानाने काही कमावलं की नाही, ते तुला समजेल कसं?"

तिने मान डोलावली, पण केलं काहीच नाही. घमापुरात, बाजारापासून थोडं आत, तिने एक दुकान भाड्याने घेतलं. आधी तिथे सायकलींचं सामान विकायचे, भिंतींना तेलाचा वास होता. तिने चुना मारून घेतला, आरसा लावला, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं ठेवलं. काउंटरवर पैसे घेण्याचा तो चौकोनी कोड चिकटवला, तो मात्र तिच्या जुन्याच खात्याचा. भाजी, वीजबिल, ड्रायक्लीनिंग, सगळं त्याच खात्यातून जाऊ लागलं.

तुळशीचं लग्न झालं आणि दुकान भरून वाहू लागलं. मी दुपारी तिचा डबा घेऊन जायची आणि गर्दी असली तर परत यायला निघायचीच नाही. कोण बहिणीच्या संगीतासाठी लेहंगा बघून राहिलं, कुणाला नवरदेवाची शेरवानी पाहिजे. तिचा हात चांगला होता. टाचणी लावून पोशाख अंगाबरोबर असा बसवायची की बाई आरशापुढून हलायची नाही. नेताना भाडं आणि अनामत अशा दोन रकमा द्याव्या लागत. कपडे धड परत आले की अनामत परत. हा नियम तिनेच केला होता आणि तो बरोबर होता.

चूक झाली ती वेगळीच. दोन्ही रकमा एकाच खात्यात यायच्या आणि मोबाइलवर एकच आकडा दिसायचा. तो आकडा रोज वाढत होता. एका संध्याकाळी ती फार खुशीत घरी आली. घाऊक व्यापाऱ्याकडे नवे लेहंगे आले होते, त्यातले काही ती पसंत करून, पैसे देऊन आली होती. आता ऐन हंगाम आहे, आत्ता माल नाही भरला तर कधी भरणार, असं तिचं म्हणणं.

मी विचारलं, यात अनामत किती आहे? ती म्हणाली, अनामत परत मागायला सगळे काही एकाच दिवशी थोडेच येणार आहेत. मी पानं वाढायला घेतली. माल घेऊन झाला होता, आणि जेवायची वेळ होती.

पण लग्नं एकाच मुहूर्तावर लागतात आणि कपडेही मग बरोबरच परत येतात. लग्नाच्या मोठ्या तिथी उरकल्या आणि पुढच्या सोमवारी सकाळपासून माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. ती कपडे उलटेसुलटे करून बघत होती, मोबाइलवरून पैसे परत करत होती. मी डबा घेऊन पोचले तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. बाकड्यावर सिहोऱ्याचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलाची शेरवानी द्यायला आले होते. शेरवानी त्यांनी जुन्या चादरीत इतकी नीट बांधून आणली होती की कॉलरसुद्धा चुरगळली नव्हती.

तिने मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबूजी, मेरे पास पैसे पूरे नहीं हैं. आपकी अमानत से मैंने नया माल ले लिया."

मला वाटलं आता ते चिडतील. त्यांनी शेरवानीची चादर घडी करून पिशवीत ठेवली.

"तो बिटिया, मैं कल फिर आ जाऊँ?"

सिहोऱ्याहून बस धरून, एवढ्यासाठी. ते अगदी साधेपणाने बोलले. ती माझ्याकडे वळली. आजवर तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"मम्मीजी, उधार द्या. उद्या परत करते."

मी कोपऱ्यावरच्या एटीएममधून पैसे काढून आणले. तिने ते त्यांच्या हातात दिले, चहा मागवला आणि ते चहा पिईपर्यंत उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती त्या व्यापाऱ्याकडे गेली. नव्या लेहंग्यांपैकी ज्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या, ते तिने परत दिले. त्याने किंमत बरीच पाडली. तिने घासाघीस केली, जेवढी जमली तेवढी, आणि उरलेलं नुकसान पदरात घेतलं. त्यातला एक जांभळा तिला फार आवडला होता, हे ती मला नंतर पुष्कळ दिवसांनी म्हणाली.

दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि माझे पैसे माझ्यापुढे ठेवले. माझ्या ओठांवर आलं होतं, राहू दे गं, घरचेच तर आहेत. पण तिच्याकडे बघितलं आणि मी ते उचलून कपाटात ठेवले. मग तीच खुर्ची ओढून बसली.

"अब बताइए. पगार कसा काढायचा?"

त्या दुपारी आम्ही खूप वेळ बोलत बसलो. अनामतीसाठी तिने निराळं खातं उघडलं, त्याचा कोडही निराळा आणि लाल रंगात छापून घेतला, म्हणजे गडबडीत हात चुकायला नको. भाड्याच्या पैशातून आधी ड्रायक्लीनिंग आणि दुरुस्तीचं बाजूला काढायचं. मग दुकानभाडं, तेही चातुर्मासाचं धरून, कारण त्या दिवसांत लग्नं नसतात आणि घरमालक तरी भाडं मागतोच. मग तिचा पगार. मी सुचवलेला आकडा तिने कमी केला. म्हणाली, एवढा नाही झेपणार, मला माझं दुकान माहीत आहे. ते तिचं खरं होतं. माल भरायचा तो या सगळ्यातून जे राहील त्यातून, आणि त्या हंगामात फारसं काही राहिलं नाही.

पावसाळ्यात दुकान रिकामं असे. तिने फाटलेल्या जरीकाठांवर सुई चालवली, शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी छोटे पोशाख शिवले. भाडं वेळेवर गेलं. तिचा पगारही झाला, आणि त्यातून तिने कटनीचं तिकीट काढलं. लग्नानंतर माहेरी इतके दिवस सलग ती प्रथमच राहिली. निघताना दुकानाची किल्ली माझ्याकडे देत म्हणाली, "उघडू नका हं. सुट्टी मतलब सुट्टी."

मी तरी एकदा जाऊन कपड्यांना हवा लागावी म्हणून शटर अर्धं वर केलं. परत आल्यावर तिला सांगितलंही. ती काही रागावली नाही, पण पुढच्या वेळी किल्ली सोबत घेऊन गेली.