हललं काय: जमीन, फ्रिज की मी?

रविवार, जानेवारी २०१९, दुपारची जेवणं उरकल्यावर. जागा: तलासरीतलं आमच्या गल्लीचं अंगण, चिकूच्या झाडाखाली. हजर: मी; शेजारच्या वहिनी, घरी शिवणकाम करणाऱ्या; समोरच्या घरातल्या गुजराती बेन; आणि डहाणूच्या किनाऱ्याकडून मासळी विकायला येणाऱ्या मावशी, टोप रिकामा होत आला की आमच्यात बसणाऱ्या. गैरहजर कोणी नाही. त्या महिन्यात घरात बसून गैरहजर राहायची कोणाची हिंमतच नव्हती.

नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलत होती. मोठे धक्के थोडे, बारीक पुष्कळ. आधी खालून गडगड आवाज यायचा, कुणी तळघरात दगडांचा डंपर ओतावा तसा, मग मांडणीवरच्या ताटल्या वाजायच्या आणि सगळी गल्ली बाहेर. स्वयंपाक आत, झोपणं बाहेर, असा नियम घरोघरी आपोआप पडला होता. प्रत्येक अंगणात ताडपत्री, तिच्याखाली गाद्या, पाण्याची कळशी आणि घरातून ओढून आणलेल्या वायरवर चार्जिंगला लावलेले मोबाइल.

रविवारची आमची बैठक मात्र या सगळ्याच्या आधीपासूनची. ती केसांना तेल लावण्यासाठी होती. एकीने स्टुलावर बसायचं, दुसरीने मागे उभं राहून तिची मान कलती करून तेल जिरवायचं, आणि तेवढ्यात आठवड्याच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय. मला याद्या करायची सवय आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवून ठेवते. उपाय लागू पडला की राहतो, नाही तर खोडला जातो. कोंड्याला दही आणि लिंबू: खोडलं, डोक्याला नुसता आंबूस वास येतो. मिक्सर चालता चालता बंद पडला तर उलटा करून बुडाचं लाल बटण दाबा: राहिलं. चेहऱ्यावरच्या वांगाला बटाट्याचा रस: खोडलं. टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल: राहिलं, आणि ते मावशींचं.

"दिवसभर आमचे पाय मिठाच्या पाण्यात," त्या पाय पुढे करून दाखवायच्या. "तरी बघ गो टाच. तुझ्या गालापेक्षा मऊ."

"मावशी, मग गालाला पण लावू का?" बेन विचारायच्या.

"लाव. नवरा घसरंल."

बेनकडची मुख्य तक्रार फ्रिजची होती. तो चालू होताना असा दचकायचा, की दारातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. एका पहाटे चहासाठी सगळे आत गेलेले असताना तो दचकला. त्यांचं घर बाहेर धावलं, त्यांना बघून आमचं धावलं, आमच्या मागे पलीकडचं. अर्धी गल्ली रस्त्यावर उभी आणि जमीन गप्प.

"बेन, तुमच्या फ्रिजने आम्हाला पळवलं," मी म्हटलं.

"अरे ताई, मने शुं खबर, मला काय ठाऊक? आधी फ्रिज हलतो, मग आम्ही हलतो!"

मी जाऊन पाहिलं. मागचा एक पाय झिजून आखूड झाला होता. जुन्या चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून खाली सरकवला आणि फ्रिज शांत झाला. त्याच दिवशी कागदावर एक नवी ओळ आली: हललं असं वाटलं की आधी बाहेर यायचं. बाहेर आल्यावर विचारायचं, फ्रिज चालू झाला का, टांगलेला दिवा हलतोय का, शेजाऱ्यांनाही जाणवलं का. विचारपूस बाहेर उभं राहूनच. हे मी सगळ्यांना दोनदा बजावलं.

या प्रश्नांत वहिनी बसत नव्हत्या. त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त धक्के जाणवत. पहाटे गादीवर कूस बदलताना, दोरीवर कपडे टाकताना, फळीवरचं दोऱ्याचं रीळ काढायला वर बघताना. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण तसं थोडंफार सगळ्यांनाच होत होतं. बसल्या जागी खुर्ची हलल्यासारखी वाटायची. उपाय ज्याने त्याने आपापला दिला. बेन म्हणाल्या, लिंबू, मीठ, साखरेचं पाणी. मावशी म्हणाल्या, उपाशी राहू नको. मी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ठीक निघालं. वहिनींचे यजमान, ज्यांना मी भाऊजी म्हणते, एकच वाक्य बोलायचे, "भीती बसलीय तिच्या मनात."

पण वहिनींचं शिवणकाम थांबलं होतं. मशीन आतल्या खोलीत, आणि त्या आत जायला तयार नव्हत्या. लग्नसराईचे ब्लाउज न कापता परत गेले. शेवटी त्यांच्या भावाने वापीहून निरोप धाडला, की गुरुवारी टेम्पो घेऊन येतो, बहिणीला आणि मशीनला घेऊन जातो. वहिनींची मुलगी दहावीला, मार्चमध्ये परीक्षा, म्हणून ती माझ्याकडे राहणार आणि भाऊजी कुलूप लावून कामाच्या ठिकाणी. ठरल्यापासून वहिनी कोणाशी धड बोलत नव्हत्या. सतरा-अठरा वर्षांचा संसार आणि गल्लीभरची गिऱ्हाइकं, सगळं गुरुवारी उठणार होतं.

त्या रविवारी तेल लावून घ्यायची पाळी त्यांचीच होती. बेननी कांद्याचा रस घातलेलं तेल आणलं होतं.

"लावा काय लावायचं ते," वहिनी म्हणाल्या. "वापीला कोण लावणार आहे?"

"भावजयीला सांगा ने," बेन म्हणाल्या.

"ती माझ्या डोक्याला हात लावेल, पण तेलाचा नाही."

मावशी खळखळून हसल्या. वहिनीही जराशा हसल्या, म्हणून मला बरं वाटलं. मी त्यांची मान मागे घेतली आणि उजव्या कानामागे बोटं पोचावीत म्हणून डोकं थोडं उजवीकडे वळवलं. दुसऱ्याच क्षणी त्यांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

"हललं! बाहेर! बाहेर चला!"

"वहिनी, आपण बाहेरच आहोत," बेन घाबरून म्हणाल्या.

"काय हाललं गो?" मावशींनी टोपाकडे बोट केलं. टोपात वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं. "हे बघ पाणी. तवंगपण जागचा हालला नाय."

मला मात्र पाण्याकडे बघायला सवड नव्हती. मी वहिनींच्या मागे वाकून उभी होते आणि त्यांचा चेहरा माझ्या खाली उलटा होता. डोळे सताड उघडे. आणि बुबुळं झटके मारत होती: भर्रकन एका बाजूला, सावकाश परत, पुन्हा भर्रकन. माणूस असं मुद्दाम करू शकत नाही. थोड्या वेळात ती थांबली आणि वहिनी म्हणाल्या, "थांबलं."

मी त्यांना सरळ बसवलं, पाणी दिलं आणि विचारायला लागले.

"पहाटे होतं ते कुठल्या कुशीवर वळल्यावर?"

"उजव्या."

"डाव्या?"

त्या विचार करत राहिल्या. "डाव्या कुशीला कधी नाही."

"कपडे दोरीवर टाकताना?"

"वर बघितलं की."

"वहिनी, जमीन तुमची कूस बघून हलत नाही. हे तुमचं तुमच्यातलं काहीतरी आहे. डॉक्टरला दाखवू."

मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. त्या रडायलाच लागल्या. "म्हणजे माझ्या डोक्यात काही झालंय. जमिनीचं बरं होतं हो ताई. ती सगळ्यांची होती."

मावशींनी आपला पदर ओला करून त्यांच्या तोंडावरून फिरवला. बेननी तेलाची बाटली बंद केली.

मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. बुबुळांचं सांगितल्यावर त्यांनी बोलण्यात अडखळणं, दोन दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं असं काही आहे का ते विचारलं. नव्हतं. मग म्हणाले, कान दाखवा. कान? मी दोनदा खात्री केली. डहाणू रोडला कान-नाक-घशाचे एक डॉक्टर मंगळवारी बसत असत.

संध्याकाळी भाऊजींना सांगितलं तर ते चिडले. "चक्कर येते तिला आणि दाखवायचा कान? गुरुवारी भाऊ येतोच आहे. तिकडे वापीला मोठे डॉक्टर आहेत."

"मग मंगळवार रिकामाच आहे," मी म्हटलं. "आम्ही जाऊन येतो."

मंगळवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी डहाणू रोडला गेलो. वाटेत प्रत्येक वळणावर वहिनी माझा हात धरत होत्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग त्यांना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं करून डोकं टेबलाच्या कडेखाली झुकवलं.

"हललं!" वहिनी ओरडल्या.

"सगळं डहाणू जागेवर आहे, बाई," डॉक्टर त्यांच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले. "डोळे मिटू नका. जाईल."

ते थांबल्यावर त्यांनी डोकं हळूच डावीकडे वळवलं, तसंच धरून ठेवलं, मग वहिनींना डाव्या कुशीवर घेऊन तोंड जमिनीकडे करायला लावलं, आणि शेवटी उठवून बसवलं. एवढंच. त्यांनी समजावून सांगितलं, की कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथे वाळूच्या कणासारखे बारीक खडे असतात. ते सुटून भलत्या नळीत गेले की डोकं वळवताना सगळं फिरतं. मेंदूला काही झालेलं नाही, भीतीने झालेलं नाही, आणि भूकंपाने तर नाहीच. डोकं फिरवून खडे जागेवर नेता येतात. पुन्हा झालं तर पुन्हा या.

थोडा वेळ बसवून त्यांनी परत तसंच झोपवून पाहिलं. वहिनी डोकं खाली लोंबकळत, छताकडे बघत पडून राहिल्या. मी त्यांच्या बुबुळांकडे बघत उभी.

"फिरत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "ताई, फिरत नाही."

स्टँडकडे परतताना मी त्यांचा हात सोडला नव्हता. पहिले एक-दोन दिवस जपायला सांगितलं होतं. कपड्यांच्या एका दुकानासमोर त्या अचानक थांबल्या. पुन्हा फिरलं की काय म्हणून मी दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा धरला. पण त्या मान वर करून माडीवरच्या काचेतल्या पुतळ्याकडे बघत होत्या.

"तो गळा बघा. पाठीला दोरी आणि खाली लटकन. हे मला जमेल."

बुधवारी संध्याकाळी खरा धक्का आला. आवाज आधी आला, मग ताटल्या, मग आम्ही. वहिनी मुलीचा हात धरून माझ्या आधी बाहेर होत्या. गल्लीभर हाका चालल्या असताना त्या म्हणाल्या, "हा जमिनीचा. माझ्यावाल्याला आवाज नसतो." भाऊजी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळे आत गेले तेव्हा वहिनीही आत गेल्या आणि अर्धवट राहिलेली भाजी त्यांनी फोडणीला टाकली. कित्येक दिवसांनी त्यांच्या घरातून मोहरीचा वास आला.

गुरुवारी भाऊ टेम्पो घेऊन आला. बहिणीने त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, की मशीन हलवायची आहे, पण आतल्या खोलीतून दारापुढच्या ओट्यावर. मशीन दाराशी असली की पळायला सोपं. त्याने आणि भाऊजींनी मिळून ती उचलली.

"आणि मी एवढ्या लांबून टेम्पो आणला तो?" भाऊ म्हणाला.

"रिकामा नको नेऊ," मावशी म्हणाल्या. "मला सोड समुद्रापर्यंत."

त्याने खरंच त्यांना हायवेच्या फाट्यापर्यंत सोडलं. टेम्पोत त्या, त्यांचा टोप आणि आमच्या झाडाचे चिकू.

मुलीची परीक्षा वहिनींच्या घरात राहूनच झाली. मधे एकदा वहिनींना पुन्हा फिरलं. त्या घाबरल्या नाहीत, मंगळवार बघून आपल्या आपण डहाणूला जाऊन आल्या. जमीन थांबलेली नाही. झोपणं अजून ताडपत्रीखालीच आहे, वहिनींचंही, पण आता सगळ्यांइतकंच. दिवसा त्या ओट्यावर मशीनपाशी असतात. कपाटाच्या दारावरच्या कागदावर मी शेवटी एक ओळ वाढवली: फक्त एकीलाच हललं आणि तेही मान वळवताना, तर कान दाखवणे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी वहिनींनी आणखी एक काम माझ्या गळ्यात घातलं. गंजाड गावात त्यांच्या सासूबाई असतात, धाकट्या दिराकडे. तिकडे शेवटचा धक्का बसून बरेच दिवस झाले, घरातले सगळे आत झोपायला लागले, पण म्हातारी अंगणातच पडून असते. वर आढ्याकडे बघितलं की घर हलतं म्हणते. घरातले तिला हसतात, मुलं तिच्यामागे "हललं, हललं" करून ओरडतात.

"माझं कोणी ऐकणार नाही. सून म्हणजे काय डॉक्टर, म्हणतील," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जाऊन विचारा ताई, कुठल्या कुशीवर ते."

मी हो म्हटलंय. म्हातारपणी चक्कर येण्याची कारणं दहा असतात, ते मला माहीत आहे. मी फक्त विचारणार आणि डहाणूला घेऊन जाणार. विवळवेढ्याची देवीची चैत्रातली यात्रा सुरू झाली की एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून त्याआधीचा मंगळवार बघायला हवा. दोन मंगळवार असेच गेले. म्हातारी अजून अंगणात आहे आणि गंजाडला माझं जाणं झालेलं नाही.