गाणारीण खंय गेली?

“पेटी वाजता, तबलो वाजता. गाणारीण खंय गेली?” बाबांनी कानांवरचा हेडफोन काढून आम्हाला विचारलं.

माझा भाऊ पेपर वाचत होता. तो उठला, हेडफोन क्षणभर कानाला लावला आणि परत दिला. “दोन्ही बाजू वाजतत, बाबानू. आता वय झाला तुमचा.”

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची, आमच्या मालवणच्या घरातली ही गोष्ट. मस्कतला नोकरी करणाऱ्या काकांनी स्टिरिओ टेप आणि हा हेडफोन आणला होता. बाबा निवृत्त मास्तर. दुपारी घरातली पोरं झोपली की ते हेडफोन लावून गाणी ऐकायचे. दुसऱ्या कॅसेटवरही आवाज गायब झाला, तेव्हा भावाने कुडाळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे हेडफोन नेला. त्याने दोन्ही बाजू वाजतात का ते बघितलं आणि निरोप पाठवला, “हेडफोन बरो आसा. वडलांचे कान तपासून घेवा.”

 त्या रात्री जेवताना आईसकट सगळे बाबांशी ओरडून बोलायला लागले, आणि त्यांनी ताट सरकवून दिलं. “माझे कान बरे आसत,” ते म्हणाले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन घेऊन बसले. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, नोकरीचं पहिलंच वर्ष. पेटी आणि तबला दोन्ही कानांत, अगदी स्वच्छ. गाणाऱ्या बाईचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बाबा खरं सांगत होते. मी वायर सरळ करायला गेले, प्लगजवळ ती वाकली, आणि आवाज भरभरून आला. सोडली, की गेला.

मग कागदावर वायरी काढल्या. दोन्ही कानांतून वीज परत नेणारी सामाईक तार प्लगजवळ तुटली असेल, तर दोन कान एकमेकांना जोडले जातात. गाणारीचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला, म्हणून तो एकमेकांत मरतो. जे एकाच बाजूला भरलेलं आहे तेवढंच, म्हणजे पेटी आणि तबला, ऐकू येतं.

शनिवारी नवीन प्लग घ्यायला मी स्वतः कुडाळला गेले. दुरुस्तीवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने प्लग दिला आणि म्हणाला, “बाई, तुमी शाळेत शिकवतास, तां शिकवा. ह्या काम तुमचा न्हय.”

“शाळेत ह्याच शिकवतंय,” मी म्हटलं.

मुख्याध्यापकांना विचारून प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न घरी आणलं. मी कात्री हातात घेतली तसा भाऊ पुढे आला.

“मस्कतचो आसा तो. मोडलो तर कोण देतलो?”

“मोडलेलोच आसा,” म्हणून मी प्लग कापून टाकला.

तारा केसासारख्या बारीक, सामाईक तार खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. त्यांच्यावर सोल्डर धरेना, थेंब होऊन गळून पडायचं. दोनदा बोट भाजलं. भाऊ मागे उभा राहून बघत होता, म्हणून मी उठलेच नाही. मग लक्षात आलं, तारांवर लाखेचा थर आहे. ब्लेडने खरवडला, सोल्डर चिकटलं आणि नवा प्लग बसला.

बाबांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि टेप लावला. त्यांनी डोळे मिटले. कडवं संपल्यावरच उघडले.

“गाणारीण इली,” ते म्हणाले. मग भावाकडे बघून, “तू पण ऐक. पूर्ण ऐक.”

भावाने उभ्याउभ्या अख्खं गाणं ऐकलं. तो माफी मागणारा माणूस नव्हता. पण पुढच्या आठवड्यात काकांचं पत्र आलं, तेव्हा उत्तरात त्याने लिहिलं की हेडफोन कुडाळात दुरुस्त करून घेतला. बाबांनी ते वाचलं, पेन मागितलं, ‘कुडाळात’ खोडून वर माझं नाव लिहिलं, आणि पत्र बंद करायला त्याच्याकडे परत दिलं.