पिवळी चौकट

तुमचं नाव तुमच्या आज्याचं असेल आणि तेच नाव आणखी चार गावांत चौघांचं असेल, तर पोलीस शोधत असलेला माणूस तुम्ही नव्हे, हे तुम्ही कसं पटवून द्याल?

धानोऱ्याकडच्या एका कचेरीत मी रोजंदारीवर याद्या टाइप करायचो. तिथल्या कम्प्युटरवाल्या बाई कळ दाबण्याआधी बोट पदराला पुसत आणि म्हणत, "नाव जुळलं म्हंजे माणूस जुळला, असं नाई भाऊ." दुबार रेशनकार्डं शोधायला त्यांनी एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला होता. दोन याद्या उघडून कळ दाबली, की दोन्हीकडे सापडणाऱ्या नावांची चौकट आपोआप पिवळी होई.

एका दुपारी साहेबांनी वेगळीच यादी आणली. नक्षल्यांना मदत केल्याचा संशय असलेल्यांची. ती गावकऱ्यांच्या यादीशी ताडायची होती. बाईंनी कळ दाबली. पडदा पिवळाच पिवळा झाला.

चहा घेऊन आलेला आमचा शिपाई लालसू वाकून बघू लागला.

"बाई, माहं नाव पिवळं काऊन?"

बाई साहेबांकडे वळल्या.

"साहेब, इथी आजा गेला का त्याचं नाव नातवाले ठेवतात. गावोगावी लालसू हायेत. बापाचं नाव अन् गाव बी ताडू द्या."

"कम्प्युटर खोटं बोलतो का? प्रिंट काढा! की तुम्हीपण त्यांच्यातल्याच?"

बाईंचा चेहरा उतरला. बोट पुन्हा पुन्हा पदराला पुसलं गेलं. "तो सांगतलं तेवढंच पाह्यते, साहेब. नुसतं नाव पाहाले मीच सांगतलं होतं. चूक माही हाय."

साहेब जेवायला गेले तसा बाईंनी मॅक्रो बदलला. नाव, बाप, गाव, तिन्ही जुळलं तरच पिवळं. बहुतेक चौकटी पांढऱ्या झाल्या. लालसूचीही. तीच यादी छापून बाईंनी खाली स्वतःची सही केली.

"मले बहुत भेव लागून राह्यलं," त्या पुटपुटल्या.

"मंग सही काऊन केली, बाई?" लालसूनं विचारलं.

"उद्या बी तुह्याच हातचा चहा पाह्यजे मले."

दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्ह्याला बोलावलं. करार संपला, एवढंच आम्हाला कळलं. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

नव्या ऑपरेटरचा मॅक्रो फक्त नाव बघतो. साहेबांना तो आवडतो, लवकर होतं म्हणे. लालसू त्या टेबलावर चहा ठेवतो, पडद्याकडे बघत नाही.

तुमच्या हाती अशी रंगवलेली यादी आली, तर सही करण्याआधी विचारा: बाप ताडला का? गाव ताडलं का? मोठ्यानं विचारा. दाराशी उभ्या असलेल्या लालसूला ऐकू गेलं पाहिजे.