उस्तादांच्या खुर्चीची बुडं
भुसावळच्या जुन्या बाजारात नूर महंमदचं नाव काढा, लोक आधी हसतील आणि मग पत्ता सांगतील. हसतील अशासाठी, की हा गडी दुकान थाटून बसलाय खरा, पण गिऱ्हाईक वस्तू उचलायला लागलं की याच्याच कपाळाला आठ्या! रेल्वेचे जुने कंदील, तिकीटखिडकीच्या पितळी जाळ्या, वेटिंग रूममधल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या, सगळं दुकानात खच्चून भरलेलं. बायको अमिनाबी वैतागून म्हणायची, "घरात इतक्या खुर्च्या, आणि पाहुण्याला बसायला सतरंजी!"

नजर मात्र अशी, की नकली माल खपवायला आलेल्या भल्याभल्यांनी कानाला खडा लावला. नव्या लाकडाला काळं पॉलिश फासून वर रेल्वेचा शिक्का ठोकणारे काय कमी आहेत? नूर शिक्का बघायचाच नाही. खुर्ची सरळ उलटी करायचा. स्टेशनची फरशी रोज फिनाईलच्या पाण्याने धुतात. खरी खुर्ची वर्षानुवर्षं त्या पाण्यात उभी असते, तिच्या पायांची बुडं काळी, भुसभुशीत होतात. "शिक्का कुणीही मारेल, बुडं कुठून आणेल?" हे त्याने लेकीला, खुशनुमाला, लहानपणापासून घोकून घोकून शिकवलं होतं.

एकच खुर्ची त्याने कधी उलटी केली नाही. ती त्याच्या उस्तादांनी, गिरधर मिस्त्रींनी, दुकान टाकताना दिलेली. दर्शनी जागी, फळ्यांच्या चौथऱ्यावर ती असायची. आल्यागेल्याला नूर सांगायचा, "फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूमची! अख्ख्या खानदेशात दुसरी दाखवा." आणि उस्तादांची भेट उलटीपालटी करून बघायची? तोबा तोबा!

यंदा धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात, ज्योत्स्नाताई नावाच्या प्राध्यापिकेने त्याच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. ती खुर्ची मधोमध ठेवायची होती. पाट्या लिहायचं काम खुशनुमाकडे होतं. आणि ती पडली बापाचीच लेक. बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायची नाही. तिने खुर्ची आडवी केली.

बुडं स्वच्छ, जणू कालच करवत लागली. आणि बैठकीच्या खालच्या बाजूला कोरलेलं छोटंसं आंब्याचं पान. गिरधर मिस्त्री स्वतः घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर ते कोरायचे.

"अब्बा, ही स्टेशनची नाही. उस्तादांनी घरी बनवलेली आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नूर असा ओरडला, की समोरचा चहावाला डोकावून गेला. "कालची पोर मला शिकवणार!"

"मग पाटी दुसऱ्याकडून लिहून घ्या. मी खोटं नाही लिहीत."

नूर त्या दिवशी जेवला नाही. इतकी वर्षं कमावलेलं एकच होतं त्याच्याकडे, नूरभाईचा शब्द. तो धुळ्यात चारचौघांत पाडून घ्यायचा, की पोरीला गप्प बसवायचं? शेवटी तो उठला आणि त्याने बुडांवरून बोट फिरवलं. पानावरूनही फिरवलं, आणि त्याला रडू आलं. उस्ताद एवढंच म्हणाले होते, "ही ठेव, तुझ्यासाठी आहे." स्टेशन, फर्स्ट क्लास, खानदेश, ही सगळी बढाई त्याची स्वतःची.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ज्योत्स्नाताई माइकवर म्हणाल्या, "ज्यांची पारख आजवर कधीच चुकली नाही, असे आमचे नूरभाई..."

"चुकली, ताई!" नूर जागेवरून उठला. "सगळ्यांत मोठी चूक मधोमध मांडलीय, बघून घ्या. खुर्ची स्टेशनची नाही. माझ्या उस्तादांच्या हातची आहे, आणि मी गाढव, तिला स्टेशनची म्हणत फिरलो."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या बाजूला बाजारातले दोघंतिघं गालातल्या गालात हसलेही. नूरची मान काही खाली गेली नाही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या खुशनुमाचा हात धरून त्याने तिला पुढे ओढत आणलं. ती बिचारी ओढणी सावरत, लाजून अर्धी झालेली.

"भल्याभल्यांना जमलं नाही ते हिने केलं," तो म्हणाला. "नूर महंमदची चूक पकडली! आजपासून कुणाला काही दाखवायचं असेल, तर माझ्याकडे यायचं नाही. रांग हिच्यासमोर लावायची."