बोंडूजवळ बसलेला माणूस

मी रत्नागिरीत औषधांचं दुकान चालवते. अंगात येणं, दृष्ट लागणं, बाहेरची बाधा... असलं कुणी काही सांगायला लागलं की मी आधी विचारते, "ताप मोजलात का?" दुकानाला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्या बाईला दर शनिवारी दारातूनच परत पाठवते. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

माझा धाकटा भाऊ सुधीर आंब्याची दलाली करायचा. बोलायला गोड, आणि प्यायला बसला की उठायचा नाही. आधी संध्याकाळी, मग सकाळपासून. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तिला दोष देणार नाही, मी असते तर आधीच गेले असते. दारू दोनदा सुटली, दोनदा पुन्हा लागली. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी सुटली नाही तर पुढची वेळ येईल असं धरून चालू नका."

आरे-वारेच्या रस्त्याला, समुद्र दिसायच्या आधी आत वळलं की ख्रिस्ती लोकांनी चालवलेलं एक आश्रयघर आहे. एसटी स्टँडवर झोपणारे, घरच्यांनी टाकलेले, दारू सोडायला आलेले असे पंचवीस-तीस पुरुष तिथे राहतात. आमची काकू म्हणाली, "पाव घालून बाटवतील हो त्याला!" म्हटलं, "बाटलीने बाटवलाय तेवढा पुरे आहे."

तिथले दोन नियम कडक. नव्या माणसाला पहिले काही दिवस एकटं सोडायचं नाही. आधी यातून गेलेला कुणीतरी 'सोबती' म्हणून रात्रंदिवस त्याच्या खाटेशी बसतो. आणि त्या दिवसांत घरच्यांनी भेटायचं नाही. घरचे रडतात, आणि माणूस त्यांच्या मागोमाग निघतो. सुधीरचा सोबती होता अस्लम, मिरकरवाड्याचा खलाशी. आश्रयघर सांभाळणारे पीटरदादा म्हणाले होते, "अस्लम आहे ना, ताई, बिनघोर राहा."

मी कसली राहते? दारू अचानक थांबली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. गोळ्या चालू होत्या, तरी जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान कामाला असलेल्या मुलीवर टाकलं आणि गेले. पुढच्या दाराने कुणी सोडलं नसतं, म्हणून मागच्या काजूच्या झाडांतून चिऱ्याच्या भिंतीपाशी आले आणि खिडकीतून डोकावले.

सुधीर झोपला होता. शेजारी स्टुलावर एक म्हातारा ओला पंचा पिळत बसला होता. अंगात बंडी, खाली लुंगी. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. अस्लम नव्हता, पण मला वाटलं, पाळी बदलली असेल.

त्याने मला बघून ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय. उठवू नको."

मी म्हटलं, "बरा आहे ना हो?"

"बरा होईल." मग विचारलं, "घरात ह्याला काय म्हणून हाक मारतंस गो?"

मला काय वाटलं कोण जाणे, मी सुधीर म्हणाले नाही. जन्मला तेव्हा लालबुंद होता म्हणून आई त्याला बोंडू म्हणायची... काजूचं बोंडू. आई गेल्यावर ते नावही घरातून गेलं. त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बोंडू."

तो मान हलवून हसला. मी निर्धास्त होऊन दुकानात परत आले.

संध्याकाळी पीटरदादांचा फोन. "ताई, माफ करा. आमच्याकडून मोठी चूक झाली." दुपारी अस्लम चक्कर येऊन पडला, त्याला घेऊन पीटरदादा सरकारी इस्पितळात धावले. आश्रयघराच्या बागेतल्या आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो आलेला, त्यामुळे बाकी सगळे पुढच्या शेडमध्ये. सुधीरजवळ दुसरा कुणी असेल असं जो तो समजला. कुणीच नव्हतं. त्याला फिट येऊन गेली होती... जीभ चावलेली, उलटी झालेली.

उताणा पडलेला माणूस अशा वेळी उलटीनेच गुदमरून जातो.

"पण आम्ही आलो तेव्हा तो कुशीवर होता," ते म्हणाले. "पाठीशी घोंगडीची गुंडाळी लावलेली. तोंड पुसलेलं. कुणी केलं, कळत नाही."

"अहो, त्या म्हाताऱ्याने!"

"कोण म्हातारा?"

दुसऱ्या दिवशी पीटरदादांनी नियम बाजूला ठेवून मला आत घेतलं. जेवणाच्या वेळी मी तिथे एकेकाचे हात बघत फिरले. सगळ्यांची बोटं धड. रस्त्यावरचा कुणी आत शिरला म्हणावं, तर टेम्पो फाटकातच उभा होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मागून आला असेल का, माझ्यासारखा? आला असेल. मग गेला कुठे, आणि असं नीट कुशीवर वळवायला कुठे शिकला?

पीटरदादा म्हणाले, "देवाने पाठवला." मी चिडले. म्हटलं, "मग बोटं पुरी देऊन पाठवायला काय झालं होतं?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या देवाच्याच हातांना भोकं आहेत, ताई."

दारू सुटताना भास होतात, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना समजावते. पण भास सुधीरला व्हायला हवा होता, मला कशाला? आणि शुद्धीवर आल्यावर सुधीरने मला पहिलं काय विचारलं असेल? "ताई, इथे मला बोंडू म्हणणारा कोण आहे? सारखा म्हणत होता, बोंडू, कुशीवर हो. आपण आहोत इथे."

त्यानंतर सुधीरने थेंब घेतलेला नाही. याला आता तीन आंबे-हंगाम झाले. बायको-मुलगी परत आल्या. आता तोही अधूनमधून तिथे सोबती म्हणून बसायला जातो.

त्याला तो चेहरा आठवत नाही, फक्त आवाज आठवतो. म्हणून भाऊबीजेला ओवाळून झालं की पाटावरून उठायच्या आधी विचारतो, "ताई, कसा होता गं दिसायला?" मी सांगते... बंडी, लुंगी, ओला पंचा, अर्धी बोटं. दर वेळी तेवढंच सांगते, पदरचं काही घालत नाही. तो लहान मुलासारखा ऐकत राहतो, डोळे भरून येतात त्याचे.

त्या माणसाला बघितलेली मी एकटी. आणि नेमका माझाच असल्या गोष्टींवर विश्वास नाही.