ऋतुजाचं राहिलेलं उत्तर

काळा टी-शर्ट एक. स्टिकर चार. छापील कार्ड एक.
पोस्टमनला कस्टमचे तीनशे चाळीस रुपये दिले.

पार्सल माझ्या मुलीच्या नावानं आलं. ऋतुजाच्या.
तिला जाऊन आज वर्ष झालं.

तिथीनं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यातच झालं. तारीख आजची. मला आता दोन्ही दिवस सारखेच जड जातात.

काल पार्सल देवापुढं ठेवलं आणि समीनाला फोन लावला. समीना म्हणजे ऋतूची कॉलेजची मैत्रीण, आता पुण्याला नोकरीला आहे.
म्हटलं, "बाई, हे काय आलंय ते तरी सांग. मी दहावी शिकलेली, मला कार्डावरचं सगळं कळत नाही."

ती म्हणाली, "काकू, ते तिच्या डेटाबेसवाल्यांकडून आलंय. कुणाचं पहिलं काम त्यांनी घेतलं की अशी भेट पाठवतात. वर्षातून एकदाच."

हे काम म्हणजे काय, ते मला ऋतूनं पोळ्या लाटताना समजावलं होतं.
जगभरातली माणसं मिळून माहिती साठवून ठेवायचं एक सॉफ्टवेअर बनवतात, तोच डेटाबेस. फुकट. कुणीही चूक दाखवावी, कुणीही दुरुस्त करावी.
"पगार?" मी विचारलं.
"नाही गं."
"मग लाईटबिल कोण भरणार?"
"तू," म्हणाली, आणि गरम पोळी घेऊन पळाली.

तिचं पहिलं काम एका ओळीचं होतं. त्यांच्या माहितीपत्रकात एक सूचना चुकीची होती, ती हिनं सुधारली. त्यांनी घेतली. त्या दिवशी पोरीनं स्वतः जाऊन अर्धा किलो पेढे आणले. एका ओळीला अर्धा किलो! मी बोललेच तिला.

दुसरं काम मात्र आम्ही दोघींनी केलं.

ती म्हणाली, "आई, डेटाबेस तुझ्यासारखाच आहे. तू हिशोब लिहितेस तसा आधी कच्च्या वहीत लिहितो, मग पक्क्या वहीत उतरवतो."
मी सहज म्हटलं, "आणि उतरवताना मधेच लाईट गेली तर?"
ती माझ्याकडं बघतच राहिली.

मग दोन रविवार दुपारी तेच चाललं. लॅपटॉपला बॅटरी असते, म्हणून जुना डेस्कटॉप काढला. ती स्क्रीनपुढं, मी बटणापाशी.
ती ओरडायची, "आई, आता!" की मी खट्कन बटण बंद.
परत चालू. परत "आता!"

त्याच बोर्डावर टीव्ही. आमचे हे मॅच बघत बसलेले.
"अगं, काय चाललंय काय! ओव्हर तरी संपू द्या की!"
"बाबा, संशोधन चाललंय."
"मायलेकी मिळून घर जाळणार एक दिवस."

आणि खरंच, मधेच एकदा लिहिलेली ओळ गायब झाली. नंतर अजून एकदा.
सॉफ्टवेअरमधली चूक सापडली म्हणून ऋतू खुर्चीवर उभी राहून नाचली. मला वाटलं बिघडला कॉम्प्युटर.

तिनं ते सगळं तिकडं लिहून पाठवलं. तिकडं मार्ता नावाच्या एक बाई काम तपासतात. दोन दिवसांनी त्यांचा प्रश्न आला.

ऋतू स्वयंपाकघरात आली. तोंड उतरलेलं.
"आई, त्या विचारतायत, किती वेळा बंद केलास?"

मी डाळ निवडत होते. वर बघितलंही नाही.
"चिडल्या असतील. नवीन आहेस तू. मोठ्या माणसांशी वाद नको घालू. चुकलं म्हण आणि मोकळी हो."

आमच्या घरात "किती वेळा?" असं कुणी विचारलं की ते विचारणं नसतंच. मी लहान असताना तसंच होतं, ऋतूलाही मी तसंच वाढवलं. मान खाली घालायची, चुकलं म्हणायचं.

तिनं सॉरी लिहिलं आणि काम मागं घेतलं.

त्याच संध्याकाळी ताप भरला. डेंग्यू. सातव्या दिवशी गेली.

काल फोनवर असतानाच समीनानं इंटरनेटवरचं ते पान उघडून मला मराठीत वाचून दाखवलं.
"काकू, त्या बाई चिडल्या नव्हत्या हो."

ऋतूच्या सॉरीखाली त्यांनी दोन तासांत लिहिलं होतं: माफी कसली? तू शोधून काढलंस ते महत्त्वाचं आहे. मला फक्त आकडा हवाय, म्हणजे इथं करून बघता येईल. सावकाश सांग.

दोन महिन्यांनी परत: ऋतुजा, बरी आहेस ना?

त्याच्यानंतर काही नाही.

समीना म्हणाली, "मी कळवते त्यांना, ती गेली म्हणून. आकडा काय आता मिळायचा नाही."
मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. थकून गेले होते.

आज सकाळी पूजा झाल्यावर गेल्या वर्षीची हिशोबाची वही काढली. मागचं पान.

दर वेळी बटण बंद केलं की मी एक रेघ ओढत होते. दुधाच्या पिशव्यांना ओढते तशीच. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीवाल्याला सांगायला हवं, एवढाच माझा विचार. ओळ गायब झाली त्या रेघेभोवती गोल केलाय.

आकडा माझ्या वहीत होता. ती विचारायला आली तेव्हा वही माझ्यापासून दोन हातांवर होती.

समीना, आता हे तुलाच लिहितेय. नुसती "गेली" असं लिहू नकोस. आधी उत्तर दे. तिच्या नावानं दे.

त्रेचाळीस वेळा बंद केला. दोनदा ओळ गायब. अठराव्या वेळी आणि एकेचाळिसाव्या.

तिचं सॉरी पुसता येत असेल तरी पुसू नकोस. लिहिलेलं खोडायचं नसतं. त्याच्याखाली नवीन ओळ लिही, की चूक तिची नव्हती, तिच्या आईची होती.

ऋतू, बाळा, पार्सल पोचलं गं. टी-शर्ट तुझ्या मापाचाच आहे.

समीना, तिकडं लिहिलंस की मला उलट टपाली कळव. त्या बाई काय म्हणाल्या तेही कळव.