कंपनी देश सोडून गेल्यावर

कंपनी भारतातला कारभार गुंडाळणार ही बातमी मला मोबाइलवर कळली. त्या वेळी मी सोलापुरात, पुणे रस्त्यावरच्या तिच्याच शोरूममध्ये, तिचंच चिन्ह असलेला शर्ट घालून बसले होते. समोर अक्कलकोटकडचं एक कुटुंब नव्या गाडीचे दरवाजे उघडून बघत होतं. थोड्याच वेळात त्यांच्या मुलीला फोनवर तीच बातमी दिसली. तिने ती वडिलांना हळू आवाजात कानडीत सांगितली. मग ते तिघं माझा नीट निरोप घेऊन निघून गेले.

त्याआधी कित्येक वर्षं मी ह्याच कंपनीच्या गाड्या विकल्या होत्या. नोकरी लागली तेव्हा पुण्याला प्रशिक्षण झालं होतं. शिकवणारे साहेब आधी मोटारींचा इतिहास सांगत. अमेरिकेतल्या एका कारखानदाराने माणसं जागच्या जागी उभी ठेवून गाडीच त्यांच्यासमोरून सरकवली आणि मोटार साध्या माणसाच्या आवाक्यात आणली. तो एकाच तऱ्हेची गाडी काढत राहिला, तेव्हा त्याच्या स्पर्धकाने प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगवेगळी गाडी काढली, दरवर्षी तिचं रूप बदललं आणि त्याला मागे टाकलं. पुढे जपान्यांनी सुटे भाग साठवून ठेवायचंच सोडलं. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागवायचं. मला हे सगळं गोष्टीसारखं वाटायचं. संध्याकाळी घरी येऊन मी ते आईला सांगायची. आई तेव्हा होती.

कंपनी का चालली, हे आमच्या मालकांनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं. ते मूळचे चादरी-टॉवेलच्या धंद्यातले, घरात तेलुगू बोलणारे. त्यांचं म्हणणं असं, की गाडी वाईट नव्हती. पण कंपनीने कारखाना मोठा बांधला आणि खप लहान राहिला. तिकडे, तिच्या देशात, तिला मोठ्या, अवजड गाड्यांवर भरपूर नफा मिळायचा आणि इथल्या माणसाला लहान, पेट्रोल कमी पिणारी आणि पुन्हा विकताना किंमत येणारी गाडी हवी होती. शिवाय आपल्याकडच्या जुन्या कंपनीची गाडी करमाळ्यातला मिस्त्रीही उघडून नीट करतो. आमची गाडी घेऊन मात्र माणसाला सोलापुरालाच यावं लागे. परदेशातल्या टेबलाशी बसून कुणीतरी हिशेब केला आणि ज्या देशात कमाई होत नाही तिथून निघायचं ठरवलं. शेवटी ते म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं."

माझे सहकारी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या शोरूममध्ये लागले. मला मालकांनी थांबवून घेतलं, कारण विकलेल्या गाड्यांची सर्व्हिस चालू ठेवायची होती. मागच्या वर्कशॉपमध्ये दोन मिस्त्री होते. पुढच्या काचेच्या दालनात मी एकटी. गाड्या गेल्यावर फरशीवर टायरांच्या खुणा उरल्या. बोललं की आवाज घुमायचा, म्हणून मी फोनवरही हळू बोलायला लागले. आई गेल्यापासून घरीही मी एकटीच होते. दिवसभर इथे गप्प आणि संध्याकाळी विजापूर रोडच्या फ्लॅटमध्ये गप्प. कधीकधी रात्री भाजी फोडणीला टाकताना लक्षात यायचं, की दुपारपासून आपण एक शब्द बोललेलो नाही.

अशात श्रीपूरच्या एका काकांची गाडी टोचन करून आणली गेली. काका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. गाडी त्यांनी माझ्याकडूनच, बायको असताना घेतली होती. पेट्रोलच्या टाकीतला पंप गेला होता आणि तो कुठेच मिळेना. कंपनीच्या गोदामाचं उत्तर ठरलेलं असे: मागणी नोंदवली आहे. सुटे भाग साठवायचे नाहीत ही युक्ती कारखान्याला किती सोयीची, आणि गाडीवाल्याला काय, ते मला तेव्हा कळलं.

काका रोज सकाळी फोन करायचे. आधी पंपाची चौकशी. मी नाही म्हटलं की म्हणायचे, "असू द्या, घाई न्हाय." पण फोन ठेवायचे नाहीत. उसाच्या गाड्यांमुळे रस्त्यावर उडणारी धूळ, शेजारच्या घरात झालेलं बाळ, स्वतः केलेल्या आमटीत पडलेलं जास्त मीठ, असं काहीबाही सांगत राहायचे. हळूहळू मीही सांगायला लागले. साडेदहा वाजून गेले आणि फोन आला नाही, की मी दाराकडे बघायची. फोन दारातून येणार नव्हता तरी.

शेवटी पंप गुलबर्ग्याला सापडला. तिथलंही आमच्या कंपनीचं शोरूम बंद झालं होतं, पण जागेचा निकाल लागेपर्यंत त्यांचा मॅनेजर तिथे बसून होता. आईचं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे मला मोडकी-तोडकी कानडी येते. तो म्हणाला, कुरिअरने पाठवतो. मी म्हटलं, मीच येते. का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रेल्वेने गेले. ते दालनही आमच्यासारखंच होतं: तीच पांढरी फरशी, तोच निळा पट्टा, तेच टेबल. जगातलं कुठलंही शोरूम ओळखू यावं म्हणून कंपनीने सगळीकडे एकच नकाशा दिला होता. मॅनेजर माझ्याच वयाचा, केस पिकलेला. त्याने आधी "ऊट आतेनरी?" विचारलं. मी जेवले नव्हते. त्याने आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगांची चटणी अर्धी काढून दिली. आम्ही त्या मोठ्या दालनात, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून जेवलो. त्यालाही पुण्यात त्याच साहेबांनी शिकवलं होतं. तो थोडा हसला आणि म्हणाला, "त्यांनी कंपन्या कशा मोठ्या होतात ते शिकवलं. जाताना कसं जायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

मी पंप पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने परतले.

पंप बसवल्यावर काकांची गाडी चालू झाली. काका एसटीने आले आणि तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चला मॅडम, जरा चक्कर मारू." मोहोळच्या दिशेने आम्ही एका चहाच्या टपरीपर्यंत गेलो. ते सावकाश, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून चालवत होते. टपरीवर चहा बशीत ओतत ते म्हणाले, "गाडी बंद हुती, तवा रोज कुणाला तरी फोन कराया कारण हुतं बगा. आता चालू झाली, तर जायाचं कुटं?"

"कारण नसलं तरी करा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पण फोन आला नाही. मीही केला नाही. दुरुस्ती झालेल्या गाडीच्या मालकाला उगीच काय विचारायचं, असं वाटून रोज राहून जायचं.

पुढे मालकांनी वर्कशॉपही बंद केलं. मला विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी मिळाली. आमचं प्रशिक्षण आता लॅपटॉपवर होतं आणि त्यात इतिहास नसतो. बॅटरी, चार्जिंग आणि पुढची योजना असते. जुन्या ग्राहकांना फोन करा, असं नव्या शोरूमच्या साहेबांनी सांगितलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काकांचा नंबर लावला. उचलला गेला नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. ते आता मुलाकडे, पुण्याला राहत होते. सोसायटीत गाडीला जागा नव्हती, म्हणून ती वेळापूरच्या एका शिक्षकाला दिली होती. "मानूस चांगला हाय," ते म्हणाले. "हितं समदं हाय. फक्त दिवसभर घरात कुणी न्हाय."

मग त्यांनी नव्या गाडीबद्दल विचारलं. मी प्रशिक्षणात शिकलेलं सगळं सांगितलं: एकदा चार्ज केली की किती चालते, आवाज कसा येत नाही, घरच्या घरी कशी चार्ज करायची. ते मध्ये मध्ये "व्हय?" म्हणत ऐकत राहिले. त्यांना गाडी घ्यायची नव्हती आणि मला विकायची नव्हती. सांगण्यासारखं संपलं, तेव्हा मी गाडीचे रंग सांगायला लागले.